जास्तीचे तास

मी पत्रकांच्या घड्या घालत मोठी झाले. बाबा कोलकात्यातल्या एका सरकारी कारखान्यात इलेक्ट्रिकल विभागात होते आणि युनियनचं काम घरी आणायचे. जेवणाची ताटं मांडायच्या आधी ओल्या शाईचे गठ्ठे उचलावे लागत. त्या कागदांनी मला एक गोष्ट शिकवली : माणसाला कामावरून काढायचं आधी ठरतं, कारण मागाहून शोधलं जातं. म्हणून बागबाजारच्या घाटावर आमच्या समितीचे सचिव म्हणाले, "मीटर जास्त तास दाखवतंय," तेव्हा मी मीटरकडे पाहिलंच नाही, सचिवांकडे पाहिलं.

समिती म्हणजे नदीसाठी काम करणारी आम्ही मूठभर माणसं. तिची पत्रकं मी लिहिते. गंगेचं पाणी तपासायला आणि शाळेतल्या मुलांना नदी दाखवायला आमच्याकडे एक भुटभुटी आहे. इंजिन बसवलेल्या होडीला इथे तिच्या आवाजावरून हेच नाव पडलंय. इंजिनापाशी चावी, चावीशेजारी तास मोजणारं मीटर. ठरावीक तास भरले की इंजिनाचं तेल बदलायचं, एवढाच त्याचा उपयोग. होडी चालवणारे काका रात्री होडीतच झोपतात. त्या वर्षी पावसाळा सरला आणि मीटरचा आकडा आमच्या फेऱ्यांच्या फार पुढे पळाला. सचिवांनी निष्कर्ष काढून टाकला : काका रात्री होडी भाड्याने फिरवतात.

"मग डिझेल जास्त का लागलं नाही?" मी विचारलं.

"चोरून भाडं मारणारा डिझेल स्वतःचं घालतो. तेवढी अक्कल असते."

"पुरावा काय?"

"हा काय, समोर आकडा दिसतोय. तुम्ही बर्गी लोक! भांडल्याशिवाय तुम्हाला अन्न पचत नाही."

बर्गी म्हणजे बंगाली लेकरांना ज्यांची भीती घालून झोपवतात ते, पूर्वी बंगाल लुटायला आलेले मराठे घोडेस्वार. मी इथेच जन्मले, इथेच शिकले, पण वाद निघाला की लोक मला घोड्यावर बसवतात. मी काही बोलायच्या आत सचिव पुढे म्हणाले, "पुढच्या बैठकीत ठरवून टाकू. माझ्या ओळखीचा एक माणूस आहे, होडी छान चालवतो."

म्हणजे माणूस आधीच तयार होता. काका काही अंतरावर दोर गुंडाळत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं, पण मान वर केली नाही.

घरी येऊन मी बाबांना म्हटलं, "मीटरला कुणीतरी हात लावलाय. त्यांच्या ओळखीचा माणूस घुसवायचाय."

"असेल," बाबा म्हणाले. "पण नुसत्या संशयावर पत्रक निघतं गं, दुरुस्ती होत नाही. माझी टूलबॅग कुठंय?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं होडीवर गेलो. बाबांनी आधी मीटरचं सील पाहिलं. शाबूत होतं. स्क्रूंवर गंज होता, म्हणजे अलीकडे कुणी उघडलेलंही नव्हतं. माझा पहिला संशय तिथेच लंगडा झाला. मग काकांनी आम्हाला नदीतून फिरवून आणलं आणि मी मोबाइलचं घड्याळ लावून बसले. मीटर आणि घड्याळ बरोबर जुळलं. तारा सैल असतील का, मी विचारलं. बाबांनी एकेक तार ओढून पाहिली.

"सैल तारेनं तास कमी भरतात. इथे जास्त भरलेत. मीटर खोटं बोलत नाहीये."

मीटर खोटं बोलत नसेल तर कोण बोलतंय? मला काकांकडे बघवेना. त्यांनी पुढे केलेला चहा मी घेतला खरा, पण मातीच्या कुल्हडाची ऊब हाताला नकोशी वाटत होती. काकांच्या ते लक्षात आलं असावं. "दीदी, साखर कमी झाली का?" एवढंच ते म्हणाले.

बाबा मात्र निघायला तयार नव्हते. "हा चोवीस तास इथे असतो ना? मग आपण दिवस मावळेपर्यंत बसू. काय काय करतो ते बघू." हे ते मराठीत म्हणाले, आणि ज्याच्याबद्दल बोलतोय त्याच्यासमोर त्याला न कळणाऱ्या भाषेत बोलण्याची मला लाज वाटली.

सूर्य हावड्याच्या बाजूला उतरला. घाटावरच्या देवळात घंटा सुरू झाली. काकांनी हातपाय धुतले, इंजिनाच्या पेटीपाशी आले आणि चावी फक्त एका खाचेपर्यंत फिरवली. इंजिन गप्पच होतं. पेटीवर चिकटवलेल्या विश्वकर्म्याच्या तसबिरीपुढे चिमुकला लाल दिवा लागला. काकांनी हात जोडले.

बाबांनी माझा दंड धरला. मीटरच्या कोपऱ्यातलं बारीक चक्र फिरत होतं.

"हा दिवा कधी बसवला?" बाबांनी हिंदीत विचारलं.

"पूजेला. दीदी पण होत्या की, खिचडी खायला."

होते. विश्वकर्मा पूजेच्या दिवशी इथे गिरण्यांपासून सायकलच्या दुकानांपर्यंत सगळी यंत्रं धुऊन पुसून पुजतात. त्या दिवशी काकांनी हा दिवा चावीच्या तारेला जोडला, आणि तो पहिल्यांदा लावायचा मान सचिवांना दिला. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आणि मीटरही त्याच तारेवर होतं. ज्याने बसवलं त्याने ते इंजिनाशी न जोडता चावीशी जोडलं होतं. तेव्हापासून रोज रात्रभर देवापुढे दिवा जळत होता आणि तितका वेळ उभी होडी कागदोपत्री नदीत फिरत होती.

बाबांनी मीटरची तार वेगळी केली आणि इंजिनात तेलाचा दाब आल्यावरच चालू होणाऱ्या स्विचमधून नेली. दिव्याला स्वतंत्र बटण दिलं. काकांनी विचारलं, "दिवा काढून टाकू का?"

"का म्हणून?" बाबा म्हणाले. "त्यानं काय केलंय?"

बैठकीत मी सगळं मांडलं. सचिव हसले. "चला, विषय संपला. आणि हे बघ, मी आरोप केलाच नव्हता. फक्त विचारलं होतं."

"काकांना विचारलंच नव्हतं तुम्ही. मला सांगितलं होतं. आणि त्यांच्या जागी माणूसही शोधला होता."

"विषय संपला म्हटलं ना?"

काका कामावर राहिले. काही दिवसांनी मी पाण्याच्या नमुन्यांच्या बाटल्या घ्यायला घाटावर गेले, तर ते वाकून मोबाइलने मीटरचा फोटो काढत होते.

"कुणासाठी?"

"सचिवबाबूंना रोज सकाळ-संध्याकाळ पाठवायचाय." ते ओशाळले. "जाऊ दे, दीदी. फोटोला कितीसा वेळ लागतो? काम तर राहिलं ना."

त्या वेळचं पत्रक नदी सगळ्यांची आहे या विषयावर होतं. मी ते लिहिलं नाही. सचिवांचा फोन आला. "छापखाना थांबलाय. कधी देतेस?"

"ते फोटो बंद झाले की."

त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "तुला त्यानं सांगितलं?"

"मी डोळ्यांनी पाहिलं. जाब विचारायचा तर मला विचारा, त्यांना नाही."

"पत्रकाचं बोल," ते म्हणाले.

"तेच बोलतेय," मी म्हटलं.