दंडाची दीर्घिका

येलदरीकडच्या येडबाचा उभा जन्म मेंढरांमागं गेला. मेंढराच्या तोंडाचा काय नेम? हरभऱ्यात घुसलं की शेतवाला धरणार, राखीव कुरणात शिरलं की गार्ड. दुसरे मेंढके सरळ कानावर हात ठेवायचे, "आमचं न्हाई ते." येडबानं तसं कधी केलं न्हाई. दंड हा शब्द निघाला की त्याचे हात जुळायचे, "चुकलं मालक. माझंच हाय. मुकं जनावर हाय." कासाबाई, त्याची बायको, म्हणायची, "तुमचे हात सुटे कवा ऱ्हातेत?"

लेक बबिता परभणीला कॉलेजात होती. तिथल्या विज्ञान प्रदर्शनात तिनं एक चित्र मांडलं, "आबा, याच" म्हणून फोन केला. येडबा धुतलेलं धोतर नेसून, खांद्यावर घोंगडं टाकून एस्टीनं आला.

हॉलात लय गर्दी. काळ्या कागदावर चांदण्यांचा भोवरा, मधी आडवा पट्टा. बापाला बघून बबिता हसली अन् पुढं सांगू लागली, "ही दंडयुक्त सर्पिल दीर्घिका. आपल्यापासून सहा कोटी प्रकाशवर्षं लांब. आज दिसतोय तो उजेड तिथून निघाला तेव्हा पृथ्वीवर माणूसच नव्हता. हिच्या एका कडेहून दुसऱ्या कडेला जायला उजेडालाच लाखभर वर्षं लागतात. अन् मधला हा दंड..."

येडबाला तेवढंच उमगलं. हात जुळले.

"चुकलं मालक," तो मोठ्यानं बोलून गेला, "मुकं जनावर हाय."

हॉल खदखदला. "काका, पावती फाडू का?" एक पोरगं म्हणलं.

प्रदर्शन बघणाऱ्या कॉलेजच्या मॅडमनी हसू दाबत विचारलं, "कोणाकडे आलात, बाबा?"

येडबानं लेकीकडं पाहिलं. तिचं तोंड लालबुंद झालेलं.

"कुणाकडं न्हाई. वाट चुकलो," म्हणत तो बाहेर पडला.

पायरीवर टेकला तवा त्याला कळलं आपण काय बोललो ते. खरूज झालेल्या मेंढराला सुदीक आजवर कधी 'माझं न्हाई' म्हणलो न्हाई. अन् पोटच्या पोरीला म्हणलो. घोंगड्यात तोंड खुपसावं वाटलं.

बबिता दारात आली. जवळ आली न्हाई.

"मला न्हाई म्हणलात, आबा," एवढंच बोलून ती आत गेली.

येडबा उठला. परत आत गेला. मॅडमसमोर उभा राहिला. हात जुळायला लागले तसं त्यानं घोंगडं दोन्ही मुठीत गच्च धरलं.

"ती माझी हाय," तो म्हणला. धरलेलं मेंढरू सोडवताना म्हणायचा तसंच.

यावेळी कुणी हसलं न्हाई. बबितानं ऐकलं, पण बापाकडं बघितलं न्हाई. चित्राकडं तोंड करून सांगत राहिली, "मधला हा दांडा. दांड्याच्या दोन टोकांहून दोन हात फुटलेत."

दंडाचा तिनं दांडा केला होता. कुणासाठी, ते येडबाला कळलं. त्याची मान आणखीनच खाली गेली.