भट्टीवरचा गूळ

निवृत्त झालो, पण ती केस काही डोक्यातून जात नाही. गांधीबागेच्या मागच्या गल्लीत दोन भाऊ ई-रिक्षाच्या बॅटऱ्या दुरुस्त करत. जुन्या प्लेटांचं शिसं भट्टीवर वितळवून पुन्हा ओतायचं, यात थोरल्याचा हात धरणारा कोणी नव्हता. एका सकाळी धाकटा ठाण्यात आला.

"साहेब, वहिनी माह्या भावाले गुळातून जहर देऊन राहिली."

थोरला दवाखान्यात भरती होता. पोटात पीळ, हातात जोर नाही. दवाखान्यात जरा बरा व्हायचा, घरी आला की पुन्हा तेच. बायको रोज डब्यासोबत गूळ द्यायची. भावांच्या दुकानातला गूळ पंचांसमक्ष जप्त करून प्रयोगशाळेत पाठवला. अहवाल आला, गुळात शिसं. आता बाईची अटक तेवढी बाकी होती.

महिला शिपाई शेजारी बसवून मी तिला विचारलं, "गूळ काहून देत होतीस वं?"

"धुळीच्या कामात गुळानं छाती साफ राह्यते, साहेब. सासूनंच सांगतलं होतं."

खोटं बोलणारा माणूस आधी शपथा घेतो, असा माझा अनुभव. हिने एकही घेतली नाही. घरातला गूळ तपासला, तो चोख निघाला.

मग दुकान गाठलं. गुळाचा डबा भट्टीवरच्या फळीवर, उघडाच असे; शिशाची धूळ त्यात पडे. थोरला काम करता करता काळ्या बोटांनी गूळ तोडून खायचा, हात धुवायचे ते घरी गेल्यावर. पंचनाम्यावर सही करायला धाकट्याने पेन घेतला, तर त्याचं मनगटच उचलेना.

"तूही खातोस का गूळ?"

"नाही साहेब. शक आल्यापासून तिच्या हातचं पानीबी घेत नाही."

तरी त्याचंही मनगट लुळं. दोघांचं रक्त तपासलं, दोघांच्या रक्तात शिसं. भट्टीचा धूर आणि धूळ दोघांनाही बाधली होती. चोर सोडून संन्याशाला सुळी देणार होतो आम्ही.

विषाच्या केसमध्ये देणारा हात शोधायचा, एवढंच आम्हाला शिकवलेलं. देणाऱ्याच्या मनात काय होतं, हे विचारायला त्या केसने शिकवलं. पण त्याचाही तिला काही उपयोग झाला नाही. तुझ्यावर गुन्हा नाही, घरी जा, असं सांगितलं तरी ती उठेना.

"थोडं तरी माह्याच गुळातून गेलं ना, साहेब, त्यायच्या पोटात?"