चौथा दात

"ह्यांना घणाशिवाय काही ऐकू येत नाही," असं सासूबाई मामंजींबद्दल म्हणायच्या. पुढे घणही ऐकू येईना. चाळीस वर्षं लोखंडाच्या कारखान्यात उभं राहून मामंजींचे दोन्ही कान गेले. माझं काही अडलं नाही. सुनेची बडबड ऐकू न येणारा सासरा कुणाला नको असतो?

कारखाना आमच्या घरामागच्या ओढ्यावर. टेकडीतला लोहदगड भट्टीत वितळवायचा आणि घणाखाली ठोकून कांबी करायच्या. घण माणसाएवढा. ओढ्याच्या पाण्यावर लाकडी चाक फिरे, चाकाच्या आसाला चार दात, आणि एकेक दात घणाचा दांडा उचलून सोडून देई. मामंजी पाण्याची फळी वरखाली करत, सासूबाई सांडशीने कांब धरून प्रत्येक ठोक्यानंतर ती फिरवत. दिवसभरात मामंजी त्यांच्याशी दोनच शब्द बोलत, "फिरव गं." घरी तेवढेही नाहीत.

कारखाना बंद पडला, झुडपं वाढली, छप्पर बसलं. तीस वर्षांनी गावाने तो जतन करायचं ठरवलं आणि नकाशांची भेंडोळी घेऊन एक इंजिनियरबाई आल्या. दोन वर्षं त्या अक्षरशः चिखलात राहिल्या. जुन्या कामगारांपैकी उरले होते एकटे मामंजी. "एकदा घण चाललेला कळला की मी मोकळा," हे त्यांचं दोन वर्षांचं पालुपद. सासूबाई तर केव्हाच गेल्या होत्या.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी बाईंनी त्यांना बोलावलं. दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून स्वारी निघाली. आत शिरताच चपला काढल्या. "माझे कान तळपायात आहेत," म्हणाले.

फळी उचलली. ठण्, ठण्, ठण्, ठण्. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"हा आपला घण नाही," मामंजी म्हणाले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अहो मामंजी, माणसं दोन वर्षं राबलीत!" मी त्यांना ओठ दिसतील असं ओरडले. त्यांनी चार बोटं दाखवली आणि एक मिटलं.

"आजोबा, जुना चौथा दात झिजला होता," बाई समजुतीने म्हणाल्या. "आम्ही मूळ नकाशाप्रमाणे नवा बसवलाय."

मी ते त्यांच्या तोंडासमोर पुन्हा सांगितलं. त्यांनी मान हलवली.

"झिजला नव्हता. मी कापला होता."

भट्टीवर सासूबाईंचा हात भाजला, दोन बोटं आखडली. दोन ठोक्यांच्या मध्ये कांब फिरवणं जमेना. मुकादम म्हणाला, महिनाअखेर हिला घरी बसवा. "घरी बसले तर मरेन, म्हणाली ती," मामंजी सांगत होते. मग एका सुट्टीच्या दिवशी ते एकटेच करवत घेऊन आले. त्यानंतर तीन ठोके आणि एक खाडा. त्या खाड्यात ती सावकाश कांब फिरवी. मालकाला सांगितलं, दात झिजलाय; बदलायला आठ दिवस कारखाना बंद ठेवावा लागेल. मालक म्हणाला, राहू दे तसाच.

"सासूबाईंना ठाऊक होतं?" मी विचारलं.

"छे! म्हणाली असती, माझ्यावर उपकार करता होय?"

मला त्यांचा भयंकर राग आला. "मेलं कधी कौतुकाचा शब्द नाही," हे त्या बाईने जन्मभर माझ्यापाशी बोलून दाखवलं होतं. आणि हा माणूस तोंड शिवून बसला! रागावतानाच मी रडायला लागले.

इंजिनियरबाईंनी नकाशा गुंडाळला. "आजोबा, किती कापला होता, दाखवा," म्हणाल्या आणि सुताराला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी फळी उचलली. ठण्, ठण्, ठण्. मग काहीच नाही. लोकांना वाटलं, बिघडलं. पुन्हा ठण्, ठण्, ठण्. ऐरणीपाशी कुणी नव्हतं, कांबही नव्हती. मामंजी अनवाणी, डोळे मिटून उभे होते. पुढचा खाडा आला आणि बहिरी माणसं बोलतात तसं, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ते म्हणाले,

"फिरव गं."