लाल ठिपक्याचं ताट

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. दुबईचे किस्से विचारले की मी उन्हाचे आणि ट्रॅफिकचे सांगतो, ताटाचा गाळतो.

नव्वदच्या दशकात अल कुसैसच्या एका फ्लॅटमध्ये आम्ही चौघे मराठी राहायचो. बायका-मुलं देशात. स्वयंपाकाच्या पाळ्या होत्या. शुक्रवार सांगलीच्या ड्राफ्ट्समनचा, म्हणजे पिठल्याचा. तो माझ्याच कंपनीत होता आणि कर्मचाऱ्यांच्या फायली माझ्याकडे असायच्या. एकदा त्याचा मेडिकल रिपोर्ट आला: हिपॅटायटिस बी. खाली डॉक्टरांनी लिहिलं होतं, कामाला हरकत नाही, जेवणाखाण्यातून पसरत नाही. मी तिथवर वाचलंच नाही. माझ्या लेखी ती कावीळ, आणि कावीळ म्हणजे उष्टं-खरकटं. त्याला कळायच्या आधी मी बाकीच्या दोघांना सांगून मोकळा झालो.

मग त्याच्यासाठी वेगळं ताट आणलं. ओळखू यावं म्हणून नेलपॉलिशही घेतलं. दुकानदार हसला, "भाभी आ गयी क्या?"

लाल ठिपका बघून ड्राफ्ट्समन म्हणाला, "अरे वा, राखीव ताट! जावई झालो की तुमचा. आणि शुक्रवारचं पिठलं?"

"ते आता मी करीन."

"मग खलास! मेलात तुम्ही."

आम्ही सगळे हसलो. दोन महिन्यांनी तो शारजाला राहायला गेला.

काही वर्षांनी माझं कुटुंब आलं. कंपनीत रक्तदान झालं आणि मला दवाखान्यातून बोलावणं आलं. तेच नाव, तेच बी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बहुधा जन्मतःच आईकडून आलं असावं. म्हणजे ठिपका काढत होतो, तेव्हाही ते माझ्या अंगात होतंच. बायकोला आणि मुलांना लशी टोचून झाल्या. घरी बायकोने माझं ताट वेगळं केलं नाही.

एका शुक्रवारी मी शारजात अल मजाजला ड्राफ्ट्समनच्या घरी गेलो. आता त्याचीही बायको आली होती. त्याने पिठलं केलं आणि एकाच परातीत भाकरी कुस्करून म्हणाला, "बस रे, जावई." मी त्याच परातीत जेवलो. माझं सांगायचं होतं, माफी मागायची होती. तोंडातून निघालं, "मीठ जरा कमी आहे."

पुढे चांगल्या गोळ्या आल्या. मी अजून रोज एक घेतो. त्याचं लिव्हर तोवर टिकलं नाही. सांगलीला त्याच्या बायकोला फोन लावला, तेव्हाही तिला म्हणालो ते एवढंच, की वहिनी, पिठलं फार छान करायचा.