आत्याचं लाल कुलूप

माझी आत्या आमच्या कारखान्यात वायरमन आहे. कुणी कौतुकानं 'वायरवुमन' म्हटलं की तिचं डोकं फिरतं. मोटारीच्या देखभालीला हात घालण्याआधी ती मेन स्विच बंद करते, त्याला स्वतःचं लाल कुलूप ठोकते, तारांत करंट उरला नाही हे टेस्टरनं बघते आणि किल्ली गळ्यात अडकवते. ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं, हा तिचा कायदा.

परवा मॅनेजर तणतणत आला. "माल अडलाय. उघड ते कुलूप!"

"काम व्हायचंय अजून."

"नंतर कर. मला आत्ता मशीन चालू हवंय."

"मोटार उघडी टाकून? जमणार नाही."

"मग मी तोडतो," म्हणत त्यानं कटर मागवला. आम्ही पॅकिंगवाले जागच्या जागी थिजलो. आत्यानं वाद घातला नाही. ती सरळ मोटारीपाशी गेली, हातमोजे काढून फेकले, दोन्ही हात उघड्या तारांवर ठेवले आणि ओरडली, "हं, तोडा आता! आणि स्विचही तुमच्याच हातानं चालू करा!"

कटर कुलपाला टेकला होता. मॅनेजरनं तो हळूच खाली ठेवला.

"अहो बाई, हात तरी काढा," तो पुटपुटला.

"काम झालं की काढते."