बुजगावण्याचा सदरा

आमच्या अण्णांना गरीब करायला मला अख्खी सकाळ लागली.

त्यांच्या हृदयाची नळी तुंबली होती. बांधापर्यंत जायचं तरी वाटेत दोनदा टेकावं लागे. नळीत स्टेंटची स्प्रिंग बसवा, लांबवू नका, असं डॉक्टर कधीचे सांगत होते. पण अण्णांचा एकच हेका : "आख्खा ऊस इकून छातीत घालू का?" तेवढ्यात सत्तरीपुढच्यांना सरकारी विम्यावर मोफत उपचार मिळतात, असं कळलं. मी कार्ड काढून आणलं. ते देताना ना कुणी सातबारा मागितला, ना उत्पन्न विचारलं. तरी माझी खात्री होती की सरकार फुकट देतंय म्हणजे गरिबालाच देणार, आणि चौकशी दवाखान्यात होणार! (मी शाळेत मास्तर आहे. शंका काढणं माझ्या रक्तात आहे.)

म्हणून अण्णांची अंगठी काढली, फेटा उतरवला आणि शेतातल्या बुजगावण्याचा सदरा त्यांना चढवला. मी फाटकी चप्पल घातली. माजलगावहून बीडला गेलो आमच्याच गाडीने, पण ती अलीकडे एका हॉटेलामागे लपवली आणि रिक्षाने दवाखान्यात उतरलो.

"बाबा, सोबत कोण आहे?" काउंटरवरच्या मॅडमनी विचारलं.

"कुणीबी न्हाई माय," अण्णा कण्हले. "एक पोरगं हाय, पर त्ये इचारीत न्हाई."

हे माझ्या संहितेत नव्हतं! ते पोरगं म्हणजे मी, पिशवी धरून त्यांच्या मागेच उभा होतो.

"मग तुम्ही कोण?"

"मी... शेजारी," माझ्या तोंडून निघून गेलं.

बाकावर बसलेल्या एका मावशी कळवळल्या. "बगा, शेजाऱ्याला दया येती, पर पोटच्या पोराला न्हाई!" मीही मान हलवून त्या नालायकाला दोन शब्द सुनावले.

डॉक्टरांनी तपासलं आणि आजच करू म्हणाले, फक्त नातेवाइकाची सही हवी. शेजाऱ्याची चालणार नव्हती. मॅडमनी मुलाचा नंबर मागितला. नाटक कुठे थांबवायचं हे मी अण्णांना शिकवलंच नव्हतं. त्यांनी निमूटपणे मोबाइल पुढे केला. "लावा माय. हिरवं बटन दाबलं की पैला त्योच लागतो."

माझा खिसा वाजला!

सगळा हॉल माझ्याकडे बघू लागला. मावशी उठून उभ्या राहिल्या. "अगं बया! ह्योच त्यो! आरं, जित्या बापाला वळख देईना, आसं कावून करतो रे?"

अण्णांचा चेहरा उतरला होता, हात छातीवर गेला होता. आता उपचार हुकले, तेही माझ्यामुळे! "मॅडम, चुकलं," मी हात जोडले. "आम्ही गरीब नाही. बागायती ऊस आहे, गाडी आहे. काय शिक्षा द्यायची ती मला द्या, पण यांना परत पाठवू नका!"

"मग असू दे की ऊस," मॅडम म्हणाल्या. "सत्तरीच्या पुढं सगळ्यांनाच आहे. गरीब-श्रीमंत कोण विचारतंय?" त्यांनी पलीकडे बोट दाखवलं. तिथे कडक इस्त्रीतले एक पुढारी हातात तेच कार्ड घेऊन बसले होते आणि त्यांचा ड्रायव्हर थर्मास धरून उभा होता.

मी सही केली. अण्णांना आत नेलं. त्यानंतर मी त्या बाकावर जो बसलो, तो चहालाही उठलो नाही. मला लई भीती वाटत होती. मावशी शेजारीच होत्या, पण तोंड फिरवून.

शेवटी दार उघडलं. "स्प्रिंग व्यवस्थित बसली," डॉक्टर म्हणाले. "पेशंटचं कोण आहे?"

"मी! मी मुलगा!" मी डोळे पुसत इतक्या जोरात ओरडलो की पुढारीही दचकले.

"साहेब, आदी त्याचं आधार कार्ड बगा," मावशी म्हणाल्या.

आणि डॉक्टरांनी खरोखरच हात पुढे केला!