भाजलेलं कार्ड

एकतिसाव्या वर्षी निव्वळ गेम खेळायला म्हणून कॉम्प्युटर घेणारा आमच्या घरात मीच पहिला. पण तसं उघड सांगायची माझी छाती नव्हती. मी बेळगावात एका मराठी हायस्कुलात गणित शिकवतो. गाव काकतीच्या पलीकडे आहे, शेती थोरला भाऊ बघतो, आणि मी अन् बायको कॅम्पात दोन खोल्या भाड्याने घेऊन राहतो. गावी मी सांगितलं, ऑनलाइन शिकवण्या घ्यायच्यात. शाळेतही तेच सांगितलं. खरं काय ते फक्त बायकोला ठाऊक होतं. ती चिकोडीची, तिच्या माहेरी पत्त्यांचे डाव दिवस-दिवस चालायचे, त्यामुळे खेळाचं तिला वावडं नव्हतं. भिशी लागली तेव्हा तीच म्हणाली, पन्नास हजारांत काय बसतंय ते बघा, त्याच्यावर एक रुपया नको.

मग दोन महिने मी एका वहीच्या मागच्या पानांवर याद्या करत बसलो. प्रोसेसर कुठला, मदरबोर्ड कुठला, रॅम किती. एक गोष्ट चांगली घेतली की दुसरी परवडेना. सगळ्यात महाग भाग ग्राफिक्स कार्डाचा. पडद्यावरचं चित्र तेच काढतं, आणि गेम खेळायचे तर निम्मा पैसा तेच खातं. माझ्या यादीत त्या ओळीवर इतकी खाडाखोड झाली की कागद फाटला.

पहिल्या दुकानदाराने माझी यादी हातातसुद्धा घेतली नाही. त्याने काचेचा एक तयार कॅबिनेट पुढे ओढला, आत लाल-निळे दिवे फिरत होते. किंमत बरोबर पन्नास हजार. पॉवर सप्लाय कुठला आहे म्हणून मी विचारलं. सगळ्या भागांना वीज पुरवणारा तो डबा असतो, तो भिकार असला तर बाकी सगळं जळतं. दुकानदाराने डब्यावरचं लेबल वाचून दाखवलं. लेबलचा एक कोपरा सुटला होता. मी नखाने जरा उचललं, तर खाली दुसरंच लेबल, निम्म्या ताकदीचं. त्याला काही वाटलं नाही. म्हणाला, "सर, सगळी लायटिंगच बघून नेतात." मी जिना उतरलो तेव्हा तोंडाला कडू चव आली होती. असली लेबलं चिकटवणाऱ्यांतले आपण नाही, असं मला त्या जिन्यावर अगदी मनापासून वाटलं होतं.

दुसऱ्या दुकानात नीट माणूस भेटला. प्रोसेसर, बोर्ड, रॅम, मॉनिटर, साधा काळा कॅबिनेट आणि चांगला पॉवर सप्लाय त्याने यादीप्रमाणे दिला. कार्डासाठी सोळा हजार उरले. तेवढ्यात एक लहान नवं कार्ड येत होतं, तीन वर्षांच्या वॉरंटीचं, आणि तेच घ्या म्हणून त्याने दोनदा सांगितलं. पण मी दोन महिने व्हिडिओ बघून बघून दोन पायऱ्या वरच्या कार्डावर डोळा ठेवला होता. नवं घ्यायचं तर तीस हजारांच्या घरात. जुन्या वस्तू विकायच्या ॲपवर मात्र ते निपाणीत सोळा हजारांना दिसलं.

शनिवारी शाळा अर्धी असते. दुपारची बस धरून निपाणीला गेलो. विकणारा चाळिशीचा गृहस्थ, घर तंबाखूच्या वखारीला लागून. गल्लीत शिरल्यापासून मला शिंका सुटल्या, तर त्याने हसत पाणी दिलं, चहा सांगितला, शाळेची चौकशी केली. कार्ड पुतण्याचं होतं म्हणे, त्याला पुण्यात नोकरी लागली, म्हणून पडून आहे. दहा मिनिटं गेम चालवून दाखवला. कार्ड वरून इतकं लखलखीत पुसलेलं की देवघरातलं भांडं वाटावं. स्क्रू काढून आतून बघायचं माझ्या मनात होतं, पण हातात कपबशी होती आणि एवढ्या भल्या माणसावर संशय घ्यायची लाज वाटली. शिक्षक म्हणून त्याने आपणहून पाचशे कमी केले. परतीच्या बसमध्ये मी कार्ड मांडीवर घेऊन बसलो होतो.

चार दिवस ते चाललं. पाचव्या दिवशी संध्याकाळी पडद्यावर हिरव्या-जांभळ्या पट्ट्या आल्या आणि सगळं थिजलं.

मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर वर्तमानपत्र पसरलं आणि कार्ड उघडलं. आतल्या पात्यांमध्ये तंबाखूचा भुगा बसला होता. बसला म्हणजे नुसता नव्हे, तेलकट होऊन, घट्ट, गुळाच्या काकवीसारखा. टूथब्रशने खरवडला तर ढेकळं निघाली. एका ढेकळात झुरळाचा पंख होता, आणि पंख्याच्या खाली झुरळाच्या अंड्यांच्या कोषांची ओळच चिकटलेली, तपकिरी, फुगलेली. एक फुटलेला होता. चार दिवस ह्याच घाणीतून आलेली गरम हवा आपण त्या खोलीत बसून नाकात घेतली, हे एकदा डोक्यात आलं आणि मग निघेना. बायकोने कागद चारी बाजूंनी उचलून बाहेर टाकला आणि ओटा दोनदा डेटॉलने धुतला. त्या रात्री आम्ही बाहेरून जेवण आणलं.

निपाणीच्या गृहस्थाला फोन केला. पहिल्यांदा तो म्हणाला, तुमच्याकडच्या विजेचा दोष असेल. दुसऱ्यांदा म्हणाला, "मशीन हाय सर. माणसाचं बी सांगता येत न्हाय." तिसऱ्यांदा फोन लागला नाही, आणि पुढे कधीच लागला नाही. बायको म्हणाली, जाऊन समोर उभे राहा. निपाणीला जाऊन भांडायचं धाडस माझ्यात नव्हतं.

बाजारातल्या एका बोळात कार्डं दुरुस्त करणारा एकजण बसतो. त्याने भिंग लावून बघितलं आणि लगेच सांगितलं की हे आधी एकदा भाजलेलं आहे. म्हणजे गरम हवेच्या मशीनखाली धरून आतले सुटलेले टाके तात्पुरते चिकटवलेले. निपाणीच्या त्या गृहस्थाला हे पक्कं ठाऊक होतं, चहा पाजताना ठाऊक होतं. मी विचारलं, आता काय करायचं?

"परत भाजून देतो," तो म्हणाला. "आठ-दहा दिस चालंल. तेवढ्यात कुणाला तरी विकून टाका की."

मी म्हणालो, ही फसवणूक झाली. त्याने भिंग खाली ठेवलं. "मग तुमचं पैसं गेलं म्हणायचं. बघा तुमी."

मी तिथे उभा राहिलो. मागे एक गिऱ्हाईक ताटकळत होतं. मग मी म्हणालो, भाजा.

घरी येऊन मी कार्ड लखलखीत पुसलं. त्याच ॲपवर फोटो टाकले आणि खाली लिहिलं, घरगुती वापर, उत्तम चालू स्थिती. ते वाक्य मी तीनदा बदलून चांगलं केलं होतं.

दोन दिवसांत गिऱ्हाईक आलं. कॅम्पातलेच, सैन्यातून निवृत्त झालेले हवालदार, साठीच्या आसपासचे, मूळ खानापूरकडचे. बायको वारलेली, मुलगी सासरी. वेळ जायला रणगाड्यांचे गेम खेळतात, आणि त्यांचं जुनं कार्ड बंद पडलं होतं. हे सगळं त्यांनी जरा लाजतच सांगितलं, आणि या वयात असला नाद म्हणून माझ्याकडे बघून हसले. मला ते फार आवडले. मी गेम चालवून दाखवायला लागलो तर त्यांनी हाताने थांबवलं. "ऱ्हाऊ दे गुरुजी. तुमी शाळंत शिकवतासा. तुमचं काय तपासून घ्यायचं?"

पैशांचं पाकीट त्यांनी दोन्ही हातांनी दिलं. कार्ड खांद्यावरच्या टॉवेलात गुंडाळून घेतलं. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली नव्हती. ते गेल्यावर तिने विचारलं, "सांगितलंसा काय त्यांना?" मी म्हणालो, त्यांनी विचारलंच नाही. दुसऱ्या दिवशी त्या पैशांतून मी दुकानातलं नवं लहान कार्ड आणलं.

पंधरा दिवसांनी रविवारी भाजी बाजारात ते मला लांबून दिसले. मी कांद्याच्या पोत्यांमागे सरकलो, पण त्यांनी बघितलं होतं आणि ते गर्दीतून वाट काढत माझ्याकडेच आले. आता शिव्या देणार, असं मला वाटलं. ते म्हणाले, "गुरुजी, तुमचं कार्ड मी घालवलं."

बसवताना आपल्या हाताचा जोर जास्त लागला असणार, असं त्यांचं म्हणणं. आता हात कापतो, अंदाज राहत नाही. चांगली वस्तू आपण खराब केली, आणि दुरुस्त होत असेल तर खर्च आपण करू, फक्त कुणाकडे न्यावं तेवढं सांगा. ते मला विचारत होते. माफीच मागत होते जवळजवळ.

आणि मी म्हणालो, "व्होल्टेजमुळं होतं असं कधी कधी."

त्यांनी मान हलवली. तसं बी असंल, म्हणाले, आणि निघाले. मी भाजी न घेता घरी आलो. बायकोला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि वाळत घातलेले कपडे काढायला गच्चीवर गेली. पुढचे काही दिवस जेवायला वाढताना तेवढं ती बोलायची. मला माझ्याच अंगाचा वास येतोय असं वाटायचं. शाळेत मुलं "सर" म्हणाली की मी फळ्याकडे वळायचो. तरी मी दहा दिवस घालवले. पगार झाला की पैसे घेऊन जाऊ, असं कारण मनाशी धरून बसलो. खरं सांगायला पैसे लागत नव्हते, हे कळत होतं.

पगार झाला त्या संध्याकाळी गेलो. त्यांची एकच लांबट खोली, भिंतीला लागून लोखंडी टेबल, त्यावर कॉम्प्युटर, वर धुतलेलं फडकं घातलेलं. मला बघून त्यांना आनंद झाला, खुर्ची ओढून दिली. मी बसलो नाही. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. निपाणी, भुगा, भाजणं, ॲपवर लिहिलेलं वाक्य. शेवटी एवढंच विचारलं, "बाजारात भेटलासा तवा म्हाईत होतं?"

"व्हय," मी म्हणालो.

ते खोलीच्या टोकाच्या कपाटाकडे गेले. कार्ड त्याच टॉवेलात होतं. त्यांनी टॉवेल सोडवला आणि कार्ड टेबलाच्या कडेला ठेवलं, माझ्या हातात दिलं नाही. मी पुढे केलेलं पैशांचं पाकीट घेतलं, मोजलं नाही. मग तो टॉवेल दोन बोटांत धरून मोरीतल्या धुण्याच्या बादलीत टाकला. परत आले ते दाराशीच उभे राहिले.

"जावा आता," म्हणाले.

शिव्यांची मी तयारी करून गेलो होतो. माफ करतील, चहाही देतील, अशीही एक हलकट आशा कुठेतरी होती. त्या टॉवेलासाठी माझी काहीच तयारी नव्हती.

कार्ड घेऊन तसाच भंगारवाल्याकडे गेलो. त्याने उलटसुलट करून बघितलं आणि दोनशे देऊ केले, पण अख्खं असेल तर. मोडलं तर कवडी मिळायची नाही. अख्खं कशाला हवं, मी विचारलं. घेणारे येतात, तो म्हणाला, भाजून चालवतात. मी त्याचा हातोडा मागितला. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. तिसऱ्या घावाला मधली चिप फुटली, मग ती ज्या पट्टीवर बसवलेली होती तिचेही मी दोन तुकडे केले. त्याने ते पायाने ढिगाकडे सारले आणि उगाच मोडलंत म्हणून बराच वेळ पुटपुटत राहिला.

लहान कार्डावर गेम बरे चालतात. रविवारी तासभर खेळतो. बायको कधी कधी शेजारी येऊन बसते. हवालदारांच्या घरावरून शाळेला जायचा रस्ता जवळचा आहे, पण मी चर्चच्या मागून वळसा घालून जातो. एकदा दूधवाल्याकडे ते समोरासमोर आले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पिशवी माझ्यापासून लांबच्या हातात घेतली आणि दूधवाल्याला म्हणाले, आधी यांना द्या, मी थांबतो.